‘डॉन जूअन’साठी शब्द कोणता: उपहास, उपरोध की विडंबन?

प्रश्न असा आहे: इंग्रज कवी लॉर्ड बायरनच्या ‘डॉन जूअन’ या दीर्घ कथाकाव्याविषयी मराठीत लिहिताना इंग्रजीतल्या ‘सटायर’साठी उपहास, उपरोध, विडंबन आणि व्यंग्य हे चारही शब्द आलटून पालटून, जणू एकाच अर्थाचे असावेत तसे, वापरलेले दिसतात, त्यांपैकी नेमका शब्द कोणता, आणि त्याच कवीच्या ‘द व्हिजन ऑफ जजमेंट’लाही तोच शब्द चालेल का?

माझे उत्तर आधी सांगतो. ‘डॉन जूअन’ला उपरोधिक कथाकाव्य म्हणावे, ‘व्हिजन’ला विडंबनकाव्य म्हणावे, उपहास हा शब्द बायरनच्या तरुणपणीच्या कवितेसाठी ठेवावा आणि व्यंग्य या चर्चेत आणूच नये. हा शेवटचा शब्द सटायरच्या अर्थाने हिंदीतून आपल्याकडे येऊ लागला आहे. मराठीत व्यंग म्हणजे उणेपणा, दोष. ‘व्यंगचित्र’ रूढ झाले ते झाले. काव्यशास्त्रातला व्यंग्यार्थ तर आणखी वेगळा: आनंदवर्धनाच्या परिभाषेत तो वाच्यार्थापलीकडे सुचवलेला कोणताही अर्थ असू शकतो, अगदी शृंगाराचा किंवा शोकाचाही. त्यात टीका असेलच असे नाही.

उपहासात हसणारा बाहेर, बहुधा उंचावर उभा असतो आणि ज्याला हसायचे त्याच्याकडे सरळ बोट दाखवतो. बायरनचे ‘इंग्लिश बार्ड्‌स अँड स्कॉच रिव्ह्यूअर्स’ (1809) हे या जातीचे काव्य आहे. त्याच्या पहिल्या संग्रहाची ‘एडिंबरा रिव्ह्यू’ या नियतकालिकाने साले काढली होती, एकविशीतल्या कवीने त्याचे उट्टे काढताना समीक्षकांबरोबर समकालीन कवींनाही नावे घेऊन झोडपले. छंद अलेक्झांडर पोप या कवीचा, म्हणजे दोन ओळींचे जोडयमक: दोन ओळी झाल्या की टोला बसला, पुढच्या दोन ओळींत दुसरा. तेथे कथा नाही आणि आडपडदाही नाही, म्हणून उपहास हा शब्द तेथे चपखल बसतो.

विडंबनाचा मूळ अर्थ नक्कल. ज्याचे विडंबन करायचे त्याचीच चाल, त्याचीच शब्दकळा, त्याचाच साचा उचलावा लागतो आणि वाचकाला मूळ ओळखता यावे लागते. केशवकुमारांच्या ‘झेंडूची फुले’ने मराठी वाचकाच्या मनात हा अर्थ इतका पक्का केला आहे की तो सैल करण्यात फायदा नाही. ‘डॉन जूअन’मध्ये विडंबनाचे तुकडे आहेत, हे खरे. पहिल्या सर्गाच्या शेवटाकडे निवेदक आपले काव्य महाकाव्य असल्याचे आणि ते बारा सर्गांत विभागण्याचा बेत असल्याचे गंभीरपणे जाहीर करतो. मग बायबलमधल्या दहा आज्ञांच्या थाटात काव्याच्या आज्ञा देतो, की मिल्टन, ड्रायडन आणि पोप यांच्यावर श्रद्धा ठेव, वर्ड्‌स्वर्थ, कोलरिज आणि सदी यांची प्रतिष्ठापना करू नकोस. पण हे तुकडेच. सोळा पूर्ण आणि सतरावा अपुरा सर्ग असलेल्या काव्याला त्यांच्यावरून विडंबन ठरवता येणार नाही.

उपरोध वेगळा. संस्कृतात या शब्दाचा अर्थ अडथळा, आडकाठी असा आहे. मराठीत मात्र तो आडून मारलेल्या शब्दापाशी येऊन स्थिरावला. बोलायचे एक आणि लागायचे दुसरेच, ‘लेकी बोले सुने लागे’ ही त्याची रीत. तो साधायला तीन गोष्टी लागतात: साळसूद चेहऱ्याचा बोलणारा, ज्याच्या आडून बोलायचे असे काहीतरी, आणि न बोललेले पुरे करून घेणारा ऐकणारा. ‘डॉन जूअन’ची सगळी रचना या तीन गोष्टींवर उभी आहे.

आडोसा म्हणजे कथा. डॉन जूअन हा दंतकथेत बायकांना नादी लावणारा अट्टल पुरुष. बायरनने त्याला सेव्हिलमधला साधाभोळा, देखणा मुलगा केले, आणि त्यालाच बायका नादी लावतात असे दाखवले. म्हणजे उपरोधाचे लक्ष्य नायक नाहीच. तो ज्या घरात, जहाजावर, दरबारात आणि युद्धात जाऊन पडतो, तेथल्या माणसांचा ढोंगीपणा हे लक्ष्य. साळसूद बोलणारा म्हणजे काव्याचा निवेदक. ‘मला नायक हवा आहे’ असे म्हणत तो सुरुवात करतो, बोलण्याच्या ओघात गोष्ट बाजूला ठेवतो, पुन्हा उचलतो आणि आपले काव्य नीतीला धरून असल्याची ग्वाही मधूनमधून देतो. नायकाचे स्पॅनिश नावही तो स्पॅनिश उच्चाराने घेत नाही. ‘न्यू वन’ आणि ‘ट्रू वन’ यांच्याशी त्याचे यमक जुळवतो. म्हणून मी ‘जूअन’ असे लिहितो, ‘हुआन’ असे नाही.

हे काव्य 1818 मध्ये व्हेनिसमध्ये सुरू झाले आणि त्याचा छंद इटालियन आहे: आठ ओळींचे कडवे, पहिल्या सहा ओळींत एकाआड एक यमक, शेवटच्या दोन ओळींचे मात्र आपसांत. जॉन हूकम फ्रीअरचे या छंदातले इंग्रजी काव्य वाचून बायरनने आधी ‘बेपो’ या आपल्या काव्यात हात साफ करून घेतला होता. सहा ओळी पतंगाला ढील द्यावी तशी कल्पना वर जाऊ द्यायची आणि शेवटच्या दोन ओळींत हिसका द्यायचा, ही सोय या कडव्यात मुळातच आहे. पोपच्या जोडयमकाला हे जमत नाही, कारण तेथे दर दोन ओळींनी दार बंद होते. बायरनच्या बाबतीत उपहासाकडून उपरोधाकडे झालेला प्रवास हा बराचसा छंदाचा प्रवास आहे, असे माझे मत आहे.

अकराव्या सर्गातले एक स्थळ जवळून पाहू. रशियाची सम्राज्ञी कॅथरीन हिचा दूत म्हणून जूअन इंग्लंडला येतो. लंडनजवळच्या शूटर्स हिलवर तो गाडीतून उतरतो आणि शहराकडे पाहत गाडीमागून चालू लागतो. त्याचे मन भरून येते. येथे स्वातंत्र्याचे वसतिस्थान आहे, येथे लोकांचा आवाज दाबला जात नाही, येथे कायदा अभंग आहे, वाटसरूसाठी कोणी सापळा लावत नाही, प्रत्येक हमरस्ता निर्धोक आहे, येथे... आणि ‘येथे’ या शब्दापाशीच सुरा पुढे येतो व दरडावणी ऐकू येते की पैसे काढ, नाहीतर जीव दे. इंग्लंडविरुद्ध कवी एक अक्षरही बोललेला नाही. स्तुती जूअनची आहे, ती मनापासूनची आहे आणि वाक्य तोडले ते चोराने. पुढे तर आणखी बहार आहे. जूअनला इंग्रजीतला ‘गॉड डॅम’ एवढाच शब्दप्रयोग ठाऊक आणि तोही त्याने इतक्या क्वचित ऐकलेला, की इंग्रज लोक एकमेकांना असाच सलाम करत असावेत, असे त्याला कधीकधी वाटे. आणि निवेदक म्हणतो की त्यात हसण्यासारखे काही नाही, मी स्वतः अर्धा इंग्रज असूनही याहून वेगळा सलाम फारसा ऐकलेला नाही. याला उपहास म्हटले तर यातली मुख्य गंमतच शब्दातून निसटते.

आठव्या सर्गातला उपरोध जास्त बोचरा आहे. 1790 मध्ये रशियन सैन्याने इस्माइलचा तुर्की किल्ला घेतला, त्या कत्तलीचे वर्णन सातव्या आणि आठव्या सर्गांत येते. त्यात निवेदक म्हणतो की ज्याचे नाव खलित्यात बिनचूक छापले गेले तो त्रिवार धन्य, कारण ग्रोस नावाचा एक माणूस मेला तेव्हा छापून आले ते ‘ग्रोव्ह’. ‘त्रिवार धन्य’ हे शब्द तेवढे उलट्या अर्थाचे, बाकी सगळे विधान सरळ. वीरश्रीच्या कवितेने उभारलेला कीर्तीचा डोलारा एका अक्षराच्या मुद्रणदोषाने खाली येतो.

आपल्या अलंकारशास्त्रातली व्याजस्तुती, म्हणजे स्तुतीच्या मिषाने केलेली निंदा, पाहायची असेल तर नवव्या सर्गाचा आरंभ पाहावा. वॉटर्लूची लढाई जिंकणारा ब्रिटिश सेनापती वेलिंग्टन याला संबोधून स्तोत्राच्या सुरात सुरुवात होते, पण कंसात लगेच त्याच्या नावाचा फ्रेंच धाटणीचा ‘व्हिलनटन’ हा दुसरा उच्चार येतो. मग त्याला गळे कापणाऱ्यांतला सर्वोत्तम म्हटले जाते, दचकू नका, शब्द शेक्सपिअरचे आहेत, असा दिलासाही दिला जातो, आणि तुम्ही व तुमचे लोक सोडून वॉटर्लूचा फायदा कोणाला झाला ते कळले तर आनंद होईल, अशी विनंती होते. मराठीत ज्याला शालजोडीतले म्हणतात ते हेच.

यावर एक आक्षेप येऊ शकतो. उपरोध हा ‘आयरनी’चा प्रतिशब्द असून ‘सटायर’ला उपहासच म्हणावे, अशी जोडी अनेकांच्या मनात असते. पण दैवाने केलेल्या थट्टेलाही इंग्रजीत आयरनी म्हणतात. तिला आपण दैवदुर्विलास म्हणू, उपरोध म्हणणार नाही. मराठी उपरोधाला बोलणारा लागतो, त्याच्या मनात हेतू लागतो आणि ज्याला शब्द लागावा असा कोणीतरी लागतो. म्हणजे सटायरचा निम्मा अर्थ या शब्दात आधीच आहे.

तरीही सगळे काव्य या एका शब्दात मावत नाही. राजकवी रॉबर्ट सदीला उद्देशून लिहिलेली अर्पणपत्रिका, जी कवीच्या हयातीत छापलीच गेली नाही, तिच्यातला परराष्ट्रमंत्री कॅसलरेवरचा भाग उपरोध नव्हे. ती शिवीगाळ आहे आणि कविता म्हणूनही तो भाग मला उणा वाटतो. दुसऱ्या सर्गात जहाज बुडाल्यावर होडीतले उपाशी लोक कोणाला खायचे हे ठरवायला चिठ्ठ्या टाकतात आणि त्या चिठ्ठ्यांसाठी कागद म्हणून जूअनच्या प्रेयसीचे पत्र फाडले जाते. चिठ्ठी निघते त्याच्या शिक्षकाची. येथे हसू येते आणि घशातच अडकते. अशा ठिकाणी वर्गीकरण बाजूला ठेवून प्रसंगाचे वर्णनच करावे.

आता ‘द व्हिजन ऑफ जजमेंट’. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज 1820 मध्ये वारला. सदीने त्याचा स्वर्गप्रवेश वर्णन करणारे काव्य 1821 मध्ये प्रसिद्ध केले आणि प्रस्तावनेत बायरनच्या वळणाच्या कवींना ‘सैतानी संप्रदाय’ म्हणून हिणवले. बायरनने 1822 मध्ये जवळपास तेच शीर्षक, तेच स्वर्गद्वार आणि त्याच राजाचा न्यायनिवाडा घेऊन उत्तर दिले. छंद मात्र सदीचा षट्‌पदी (सहा गणांच्या ओळींचा) न घेता स्वतःचा आठ ओळींचाच ठेवला, त्यामुळे हे ओळीला ओळ असे विडंबन नाही. साचा मात्र नि:संशय सदीचा आहे. या काव्यात खुद्द सदी साक्षीला आणला जातो आणि आपले काव्य वाचू लागतो. चौथ्या ओळीलाच देवदूत आणि सैतान दोघेही पळ काढतात, पाचव्या ओळीला सेंट पीटर किल्ल्या उगारून त्याला खाली लोळवतो आणि या गोंधळात राजा हळूच स्वर्गात सटकतो. मूळ काव्याशिवाय ही गंमत उभी राहत नाही, आणि विडंबन ओळखण्याची माझी कसोटी तीच आहे.

राहता राहिले विशेषणाचे रूप. संस्कृत नियमाने ‘औपरोधिक’ होते आणि ते कोणी लिहिल्यास चूक म्हणता येणार नाही. पण बोलण्यात आणि लिहिण्यात ‘उपरोधिक’ इतके रुळले आहे की मी तेच वापरतो. ‘उपहासात्मक’ला जोड म्हणून ‘उपरोधात्मक’ही चालेल, फक्त एका लेखात एकच रूप ठेवावे.