पाककलेचं शिक्षण घेतोय. स्थानिक, शाश्वत अन्नाला धरून चालणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये अनुभव कसा मिळवू, आणि तिथे नेमकं काय शिकू?

तुमच्या प्रश्नात दोन गोष्टी आहेत: जागा कशी शोधायची आणि आत गेल्यावर शिकायचं काय. जागा शोधताना मेनू बाजूला ठेवा. ‘शेतातून थेट ताटात’ असं छापायला काही लागत नाही. किचनचं मागचं दार आणि कचऱ्याची बादली बघा, खरं काय ते तिथे कळतं.

सकाळी माल उतरवायच्या वेळी मागच्या बाजूला दहा मिनिटं उभे राहा. सगळे खोके एकाच घाऊक पुरवठादाराच्या छापाचे असतील आणि मेनूवर मात्र चार शेतांची नावं असतील, तर समजून जा. खरोखर शेतकऱ्यांकडून घेणाऱ्या किचनमध्ये क्रेट वेगवेगळे दिसतात, ते धुऊन परत जातात, भाजीला माती असते आणि आकार एकसारखे नसतात. मुलाखतीत शेफला तीन प्रश्न विचारा. गेल्या महिन्यात मेनूतून काय गेलं आणि का? कुठल्या वारी कोणाचा माल येतो? देठं, साली आणि हाडं कुठे जातात? जिथे खरंच काम चालतं तिथला माणूस न अडखळता उत्तर देतो, बऱ्याचदा तक्रारीच्या सुरात. ‘आम्ही सगळं ताजंच वापरतो’ हे उत्तर झालं नाही.

स्थानिक म्हणजे शाश्वत, हे समीकरणही डोक्यातून काढा. बहुतेक पदार्थांमुळे हवेत जाणाऱ्या, हवामान तापवणाऱ्या वायूंच्या एकूण उत्सर्जनात वाहतुकीचा वाटा लहान असतो. काय पिकवलं आणि कसं पिकवलं, याचा वाटा मोठा. विमानाने आणलेला नाशवंत माल हा ठळक अपवाद. हिवाळ्यात इंधन जाळून तापवलेल्या हरितगृहातला जवळचा टोमॅटो लांबच्या उघड्या शेतातल्या टोमॅटोपेक्षा जड पडू शकतो. स्थानिक मालाचे फायदे वेगळे आहेत: तोडणी आणि पातेलं यांत कमी तास जातात, पिकवणाऱ्याशी थेट बोलता येतं, आणि पानं-देठांसकट माल मिळतो. हा शेवटचा फायदा किती मोठा आहे ते पुढे येईल.

काम मागायला दुपारची सर्व्हिस संपल्यावर आणि संध्याकाळची तयारी चढण्याआधी जा, साधारण तीन ते साडेचार. शुक्रवार-शनिवार टाळा. एक पानी बायोडेटा पुरे. ‘मला शिकायचंय’ एवढ्यावर थांबू नका. ‘आठवड्यातले हे तीन दिवस, इतके महिने येऊ शकतो, भाजी निवडण्यापासून सुरुवात करायची तयारी आहे’ असं ठोस सांगा, कारण शेफच्या डोक्यात रोस्टर, म्हणजे कोण कधी कामावर याचं वेळापत्रक असतं. महिन्याला एक अशी चार ठिकाणं करण्यापेक्षा एकाच ठिकाणी चार ते सहा महिने काढा. हंगाम बदलताना मेनू कसा मोडतो आणि परत कसा बांधतात, हे मधल्या महिन्यांतच दिसतं.

आधी एक-दोन दिवसांची चाचणी शिफ्ट असते, काही ठिकाणी तिला स्टाज म्हणतात. वीस सेंटिमीटरची धारदार सुरी, सोलणी, प्रोब थर्मामीटर (अन्नात टोचून तापमान मोजायचा), मार्कर, कागदी टेप, खिशात मावणारी वही आणि न घसरणारे बंद बूट एवढं न्या. तिथे तुमची कलाकारी कोणी बघत नाही. फोडी एका मापाच्या होतात का, कापायचा पाट ओल्या फडक्यावर घट्ट बसवलाय का, डब्यावर नाव-तारीख टाकता का, सुरी किंवा गरम भांडं घेऊन कोणाच्या मागून जाताना आवाज देता का, हे बघतात. एक किलो फोडी सांगितल्या तर पहिल्या पाच-सहा कापून दाखवा, ‘एवढ्याच ना?’ विचारा, मग पुढे जा. न विचारता किलोभर चुकीचं कापणं हीच नवख्यांची सर्वांत नेहमीची चूक.

आता माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा भाग: माल घेणं आणि निवडणं. विद्यार्थ्यांना हे कंटाळवाणं वाटतं, सगळ्यांना गॅसपाशी उभं राहायचं असतं. पण स्थानिक माल परवडतो की नाही, ते इथेच ठरतं. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ मध्ये जगभर सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातला २८ टक्के वाटा हॉटेल-रेस्टॉरंट-कॅन्टीनसारख्या अन्नसेवेचा होता.

फ्लॉवरचं उदाहरण घ्या. समजा १० किलो आला आणि पानं-दांडे काढून फक्त तुरे घेतले तर ६ किलो उरले. म्हणजे उतारा, आलेल्या मालातला वापरात येणारा भाग, ६० टक्के. रेसिपीला ९ किलो तुरे हवे असतील तर ९ भागिले ०.६, म्हणजे १५ किलो मागवावा लागतो, आणि वापरातला किलो खरेदीच्या भावाच्या १.६७ पट पडतो. आता कोवळी पानं दीड किलो निघाली आणि दांडे सोलून पातळ कापल्यावर एक किलो, तर उतारा ८५ टक्क्यांवर जातो आणि तोच आकडा १.१८ वर येतो. शेतकऱ्याचा फ्लॉवर ३० टक्के महाग असला, तरी १.३ भागिले ०.८५ म्हणजे १.५३ पडतो. स्वस्त फ्लॉवरचे नुसते तुरे वापरण्यापेक्षा तो कमीच. घाऊक माल बहुतेकदा पानं छाटूनच येतो, म्हणून हा हिशोब पानांसकट आलेल्या मालालाच लागू पडतो. आणि एक अट आहे: ती पानं आणि दांडे मेनूवर विकले गेले पाहिजेत. नाहीतर कचरा बादलीतून उचलून फ्रिजमध्ये ठेवला, एवढंच झालं, वर सोलायचा वेळ गेला तो वेगळाच. पहिल्या आठवड्यात पाच भाज्यांचे असे उतारे तोलून वहीत लिहा आणि शेफला दाखवा.

पालेभाजी हातात आली की पाण्याने भरलेल्या खोल सिंकमध्ये बुडवा, हलवा, दोन मिनिटं थांबा आणि भाजी वर उचलून घ्या. चाळणीत ओतू नका, तळाशी बसलेली रेती परत पानांवर येते. तळ स्वच्छ दिसेपर्यंत हे करा, शेतातल्या मालाला सहसा तीन पाणी लागतात. मग पूर्ण निथळवा, ओली पानं डब्यात चिकट होतात. भर उन्हात तोडलेली भाजी आतून गरम असते. ती तशीच डब्यात बंद करून फ्रिजमध्ये ठेवली तर मधली पानं आधी सडतात, म्हणून आधी बर्फाच्या पाण्यात गार करा. पिकलेली केळी, सफरचंदं, टोमॅटो पालेभाजीशेजारी नकोत, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने पानं पिवळी पडतात.

साली-देठांचं स्टॉक (उकळून गाळलेलं चवदार पाणी) करताना हात आखडता ठेवा. कोबी-फ्लॉवरच्या दांड्यांनी गंधकाचा वास येतो, बटाट्याच्या सालीने गढूळपणा, जास्त गाजराने गोडवा. भाज्यांचं स्टॉक मंद आचेवर पाऊण तास पुरे. खरी चूक नंतर होते: वीस लिटरचं गरम पातेलं झाकून थेट फ्रिजमध्ये. मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो, जिवाणूंना तेच हवं असतं. अमेरिकेच्या फूड कोड या अन्नसुरक्षा नियमावलीप्रमाणे ५७ अंश सेल्सियसवरून २१ वर दोन तासांत आणि तिथून ५ वर पुढच्या चार तासांत आलं पाहिजे. तुमच्या देशाचे आकडे थोडे वेगळे असू शकतात, पण पद्धत तीच: उथळ ट्रेमध्ये पाच सेंटिमीटरपेक्षा कमी थर, खाली बर्फ, थर्मामीटर मध्यभागी.

हंगामात एकाच भाजीचे क्रेटच्या क्रेट येतात. आंबवून टिकवायची असेल तर मीठ चमच्याने मोजू नका, वजनाच्या २ ते २.५ टक्के घ्या. वरून पाणी घालणार असाल तर भाजी आणि पाणी दोघांच्या एकत्र वजनावर मीठ धरा. इथेच बहुतेकजण फसतात: मीठ कमी पडतं, भाजी मऊ आणि बुळबुळीत होते. भाजी सतत पाण्याखाली राहिली पाहिजे, पीएच (आंबटपणाचं माप, जितका कमी तितकं आंबट) ४.६ च्या खाली गेल्याचं मीटरवर तपासा, रंगीत केसाळ बुरशी दिसली तर सगळी बरणी फेका. कच्चा लसूण तेलात घालून बाहेर ठेवणं, कोणीही सांगितलं तरी करू नका. बॉटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचा धोका खराच आहे, आणि वास किंवा चवीवरून तो कळत नाही.

कामाला हो म्हणण्याआधी तास किती, मोबदला किती, जेवण मिळेल का, हात कापला-भाजला तर विमा कोणाचा, हे लेखी घ्या. बिनपगारी काम कुठे चालतं आणि कुठे बेकायदा आहे, ते देशागणिक बदलतं, तेव्हा आधी तुमच्या संस्थेच्या प्लेसमेंट विभागाला विचारा. दीड-दोन महिन्यांनी स्टेशन, म्हणजे किचनमधला कामाचा विभाग, बदलून मागा, आणि पर्याय मिळाला तर सकाळी माल उतरवून घेणाऱ्याबरोबरची शिफ्ट मागा. त्या शिफ्टसाठी सहसा कोणी रांगेत नसतं.