डीबी६ की इंटरसेप्टर? आधी खिशात लोहचुंबक टाक

भावा, ॲस्टन मार्टिन डीबी६ आणि जेन्सन इंटरसेप्टर दोन्ही चार सीटच्या जुन्या ब्रिटिश जीटी (म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाड्या), पण खर्चाचा हिशोब पार वेगळाय. डीबी६ (१९६५ ते १९७०) चं ४ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन ॲस्टनचा इंजिनिअर टाडेक मारेकनं डिझाइन केलेलं, चालवायला भारी, पण उघडायची वेळ आली की घाम फुटतो बिल बघून. इंटरसेप्टर (१९६६ ते १९७६) मध्ये सरळ अमेरिकन क्रायस्लर कंपनीचं आठ सिलिंडरचं व्ही८ इंजिन, आधी ६.३ मग ७.२ लिटर, त्यामुळे इंजिनचे पार्ट आजही मिळतात, फक्त पेट्रोल पिते राव, लिटरला चारेक किलोमीटर समज, आणि ट्रॅफिकमध्ये तापते ती वेगळीच.

पण खरा वैरी गंज. इंटरसेप्टरची बॉडी स्टीलची, दारांखालच्या पट्ट्या (सिल) आणि मागच्या चाकांच्या कमानी यांवरून चुंबक फिरव, जिथे चिकटत नाही तिथे गंज झाकायला आत लांबी (पुट्टी) भरलीय. डीबी६ ला हे चालणार नाही, वरचा पत्रा ॲल्युमिनियमचा आणि आत स्टील, दोन्ही जिथे टेकतात तिथे पेंटखाली फोड दिसतायत का बघ आणि लिफ्टवर चढवून खालून बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नको.

पहिलीच क्लासिक असेल तर मी इंटरसेप्टरच म्हणेन, मागची ती भलीमोठी काच बघूनच अर्धे पैसे वसूल (डीबी६ वाले चिडतील, चिडू देत). आणि हो, बघायला जाशील तेव्हा इंजिन थंड असू दे म्हणून आधीच सांगून ठेव, तरी गरम करून ठेवलं असेल तर का ते विचार.