प्रेडिक्ट, फोरकास्ट, फोरटेल, प्रॉफेसाय: सगळ्यांचा अर्थ ‘भविष्य सांगणे’च, मग फरक काय?

शब्दकोश या चारही शब्दांपुढे ‘भविष्य सांगणे’ लिहून मोकळा होतो, त्यामुळे तुम्हाला पडलेला प्रश्न अगदी रास्त आहे. मी इंग्रजीतून मराठीत भाषांतरं करतो. यांतला कुठलाही शब्द आला की मी आधी एवढंच बघतो: सांगणारा हे कशाच्या जोरावर सांगतोय?

प्रेडिक्टला कुठलाही आधार चालतो. मूळ लॅटिन अर्थ ‘आधी बोलणे’. आपल्या भविष्यवाणीतही ‘वाणी’ आहेच. सामना कोण जिंकणार हे मित्र नुसत्या अटकळीवर सांगतो, ते प्रेडिक्ट. एडमंड हॅले यांनी गणित मांडून धूमकेतू १७५८ मध्ये परत येईल असं सांगितलं आणि त्या वर्षीच्या डिसेंबरात तो खरोखर दिसला, तेही प्रेडिक्टच. मराठीत याला ‘भाकीत’ चपखल बसतं.

फोरकास्टची गोष्ट मला फार आवडते. डार्विन ज्या ‘बीगल’ जहाजावरून गेले, त्याचे कप्तान रॉबर्ट फिट्झरॉय. १८५९ मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वादळात फुटलं, शेकडो माणसं बुडाली. त्यानंतर फिट्झरॉय यांनी बंदरांना वादळाचे इशारे पाठवायला सुरुवात केली आणि १८६१ मध्ये वर्तमानपत्रात हवामानाचे अंदाज छापून येऊ लागले. त्यासाठी त्यांनी फोरकास्ट हा शब्द जाणूनबुजून निवडला. ही भाकितं नव्हेत, भविष्यवाण्याही नव्हेत. निरीक्षण आणि आकडेमोड यांतून काढलेलं हे मत आहे, असं त्यांनी स्पष्ट लिहून ठेवलंय. म्हणून फोरकास्ट म्हणजे ‘अंदाज’. चुकण्याची शक्यता त्यात धरलेलीच असते.

हा भेद भूकंपाच्या बाबतीत तर जपायलाच हवा. भूकंपशास्त्रात प्रेडिक्शन म्हणायचं तर कधी, कुठे आणि किती मोठा, हे तिन्ही नेमकं सांगावं लागतं, आणि त्याची खात्रीची पद्धत आज कुणाकडेच नाही. अमुक पट्ट्यात येत्या तीस वर्षांत मोठा भूकंप होण्याची शक्यता इतके टक्के, हे झालं फोरकास्ट. अशा बातमीत ‘शास्त्रज्ञांनी भाकीत केलं’ असं छापलं की लोक विनाकारण घाबरतात.

प्रॉफेसायमागे दैवी प्रेरणेचा दावा असतो, त्यामुळे तो धर्मग्रंथ, पुराणकथांत शोभतो. स्पेलिंग मात्र सांभाळा: शेवटून दुसरं अक्षर ‘सी’ असेल तर ते नाम, उच्चार प्रॉफेसी, ‘एस’ असेल तर क्रियापद, उच्चार प्रॉफेसाय. फोरटेल जुन्या गोष्टींत जास्त भेटतो, रोजच्या लिखाणात नसला तरी अडत नाही. फोरसी मात्र वेगळा, कारण त्यात बोलणं नाही, फक्त आधी दिसणं आहे. करारात ‘अनफोरसीन’ येतं ते याच अर्थानं, म्हणजे अकल्पित.

तुम्ही विचारलेलं नाही, पण प्रोजेक्शनही लक्षात ठेवा. ते जर-तरचं असतं: जन्मदर आणि मृत्युदर असेच राहिले तर लोकसंख्या इतकी होईल. तो ‘जर’ गाळून भाषांतर केलं, तर मूळ लेखकानं न दिलेली हमी आपण त्याच्या तोंडी घालतो.

आणि प्रॉग्नोसिस. डायग्नोसिस म्हणजे आजार कुठला याचं निदान. प्रॉग्नोसिस म्हणजे तो पुढे कुठे जाईल याबद्दल डॉक्टरांचं मत. एकदा एका रुग्णाचे कागद माझ्याकडे तपासायला आले होते. मुळात ‘प्रॉग्नोसिस पुअर’ एवढंच होतं आणि आधीच्या कुणी त्याचं ‘रुग्णाचं भविष्य वाईट आहे’ असं केलं होतं. घरच्यांनी ते वाचलं असतं तर त्यांना ते नशिबाचं बोलणं वाटलं असतं. मी ते खोडून ‘आजार बरा होण्याची शक्यता कमी आहे’ असं लिहिलं. बातमी तीच, पण आता ती डॉक्टरांची होती.