‘ड्युरेस’ आणि ‘प्रेशर’ एकच का?

नाही. ‘प्रेशर’ कशालाही चालतं: कुकरला, परीक्षेला, घरच्यांच्या भुणभुणीला. ‘ड्युरेस’मध्ये मात्र धमकी किंवा जबरदस्ती हवीच. मराठीत सरळ ‘बळजबरी’ किंवा ‘धाकदपटशा’ म्हणा. मूळ लॅटिन ‘ड्युरुस’, म्हणजे कठीण. ‘ड्युरेबल’ त्याच घराण्यातला. उच्चारात जोर ‘रेस’वर.

वापर बहुधा ‘अंडर ड्युरेस’ असाच. ‘ही साइन्ड अंडर ड्युरेस’ म्हणजे त्यानं धाकापोटी सही केली. समजा खानापूरकडं शेताची वाटणी चाललीय. भावकीतले चौघे रात्री घरात घुसून ‘अंगठा लाव, नाहीतर बघ’ म्हणाले, तर ते ड्युरेस. मामा ‘कर की रे सही, किती ताणतोस’ म्हणाला, तर तो नुसता आग्रह. ऑफिसात काम जास्त झालं म्हणून साहेबांना ‘आय ॲम अंडर ड्युरेस’ असं कळवू नका, भलताच अर्थ निघेल!

भारतीय करार कायदा, १८७२ मध्ये मात्र शब्द आहे ‘कोअर्शन’, कलम १५. अशा जबरदस्तीनं झालेला करार आपोआप रद्द होत नाही; ज्याच्यावर ती झाली, तो कलम १९ प्रमाणे रद्द करून घेऊ शकतो.

आपल्या बेळगावकडच्यांना सोपी खूण म्हणजे कन्नड. ‘ओत्तड’ म्हणजे प्रेशर, ‘बलवंत’ म्हणजे ड्युरेस. मराठीत बलवंत हे आजोबांचं नाव आणि कन्नडमध्ये बळजबरी, याचं लहानपणी मला फार हसू यायचं.