वाचकांचे प्रश्न : शेवटच्या वीस सामन्यांचा हिशेब

आभासी बेसबॉल लीग खेळणाऱ्या वाचकांची पत्रे ऑगस्ट संपता संपता वाढू लागतात, आणि त्यांतली बहुतेक खेळाडूंविषयी नसून गुणतक्त्याविषयी असतात. या छंदाशी परिचय नसलेल्यांसाठी एवढेच सांगतो की, अशा लीगमध्ये प्रत्येक मॅनेजर अमेरिकेतल्या मेजर लीग बेसबॉलमधले खरे खेळाडू निवडून आपला संघ बांधतो आणि त्या खेळाडूंच्या खऱ्या आकडेवारीवरून संगणक किंवा फासे सामन्यांचे निकाल ठरवतात. मूळ लीगमध्ये ३० संघ, पाच-पाच संघांचे सहा विभाग आणि प्रत्येक संघाचे १६२ सामने असतात. हौशी मंडळी संघ कमी करतात, पण विभागांची रचना बहुधा तीच ठेवतात.

प्रश्न : आमच्या लीगमध्ये १४२ सामने झाले असून २० उरले आहेत. माझा संघ ७८ विजय आणि ६४ पराभवांसह विभागात दुसरा आहे, तर पहिल्या संघाचे ८३ विजय आणि ५९ पराभव आहेत. उरलेल्या २० पैकी ६ सामने आम्हा दोघांतलेच आहेत. आपसात झालेल्या ७ सामन्यांपैकी मी ३ जिंकले आणि त्यांनी ४. शेवटी बरोबरी झाल्यास आपसातल्या सामन्यांवरून विजेता ठरतो. पाच सामन्यांची पिछाडी आता भरून निघत नाही, असे सगळे म्हणतात. आशा सोडावी का?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : सोडू नका, पण ती दहात एक एवढीच आहे हे जाणून खेळा. हा आकडा कसा येतो ते पाहिले, तर जोर कुठे लावायचा तेही कळते.

दोन्ही संघ सारख्याच ताकदीचे आहेत आणि प्रत्येक सामन्यात दोन्ही बाजूंना समान संधी आहे असे धरू. तुमची आपसात एकही गाठ उरलेली नसती, तर २० सामन्यांत पाच विजयांची तूट भरून निदान बरोबरी गाठण्याची शक्यता आठ टक्क्यांच्या आतबाहेर आणि पुढे निघून जाण्याची चार टक्के असती. आपसातला सामना मात्र दुहेरी वजनाचा असतो, कारण तुमचा विजय हाच त्यांचा पराभव; त्या एका निकालाने अंतर एका सामन्याने घटते किंवा वाढते, जसेच्या तसे राहत नाही.

आता ते सहा सामने तपासू. निकाल ३-३ लागला, तर तूट पाचाचीच राहते, शिवाय मोसमाचा आपसातला हिशेब ६-७ असा त्यांच्या बाजूने मिटतो, म्हणजे नुसती बरोबरी तुमच्या कामाची नाही. उरलेल्या १४ सामन्यांत तुम्हाला त्यांच्यापेक्षा सहा विजय जास्त हवेत, आणि ती शक्यता दोन टक्क्यांच्याही आत आहे. तुम्ही ४-२ असे जिंकलात, तर दोन गोष्टी एकदम घडतात: तूट तिनावर येते आणि आपसातला हिशेब ७-६ असा तुमच्याकडे फिरतो, त्यामुळे आता बरोबरीही पुरते. ही शक्यता एकदम सतरा टक्क्यांवर जाते. ५-१ झाल्यास ती बेचाळीस टक्क्यांच्या वर आहे. तुमच्या एकूण दहा टक्क्यांपैकी नऊ टक्के ४-२ किंवा त्याहून चांगल्या निकालातून येतात, आणि असा निकाल लागण्याचा संभव तिनात एक आहे. थोडक्यात, तुमचा मोसम वीस सामन्यांचा राहिलेला नसून सहा सामन्यांचा राहिला आहे, आणि त्यातही तिसरा आणि चौथा विजय यांच्यामधले अंतर सर्वांत महाग आहे.

म्हणून रोटेशनकडे, म्हणजे पिचरांच्या (चेंडू टाकणाऱ्यांच्या) पाळीच्या क्रमाकडे, आजच बघा. सामन्याची सुरुवात करणारे पाच पिचर, म्हणजे स्टार्टर, क्रमाने येत असतील, तर तीन सामन्यांच्या मालिकेत त्यांच्यातले तिघेच खेळतात, आणि ते तिघे कोण हे मालिकेच्या दिवशी ठरत नाही. आठवडाभर आधी कोणाला कुठे बसवले यावरून ते ठरून गेलेले असते. वेळापत्रकात मधे विश्रांतीचा दिवस असेल, तर पाचव्या पिचरची पाळी वगळता येते आणि पहिल्या दोघांची विश्रांती न मोडता त्यांना या गाठीसाठी मोकळे ठेवता येते. त्यासाठी तळाच्या संघाविरुद्धचा एखादा सामना कमकुवत पिचरच्या हाती द्यावा लागला, तरी तो सौदा परवडतो. बहुतेक मॅनेजर उलट करतात. हातचा विजय सोडवत नाही म्हणून सर्वोत्तम पिचर दुबळ्या संघावर खर्च करतात आणि मग आघाडीच्या संघासमोर चौथा-पाचवा घेऊन उभे राहतात.

आणखी एक तपासणी करा. बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांच्या प्रसिद्ध सूत्राप्रमाणे संघाने केलेल्या धावांच्या वर्गाला, केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागले की त्या संघाचे अपेक्षित विजयाचे प्रमाण मिळते. समजा, आघाडीच्या संघाने ६८० धावा केल्या आणि ६१० दिल्या. मग १४२ सामन्यांत त्यांचे विजय ७९ च्या आसपास असायला हवे होते. प्रत्यक्षातले ८३ हे थोडे एका धावेच्या निकालांत मिळालेले दान आहे. मिळालेले चार विजय कोणी परत घेत नाही, पण पुढल्या वीस सामन्यांत तो संघ ८३ विजयांच्या तोलाचा धरण्याचे कारण नाही. तुमचाही हिशेब याच सूत्राने काढा, आणि उत्तर उलटे आले तर तेही मान्य करा.

प्रश्न : ‘मॅजिक नंबर’ कसा काढतात?
— एक विद्यार्थिनी, साखळी

उत्तर : पहिल्या संघाचे स्थान पक्के होण्यासाठी त्याचे विजय आणि दुसऱ्याचे पराभव मिळून अजून किती लागतात, तो हा आकडा. एकूण सामन्यांत एक मिळवावा आणि त्यातून पहिल्या संघाचे विजय व दुसऱ्या संघाचे पराभव वजा करावेत. वरच्या पत्रातल्या लीगमध्ये १६३ मधून ८३ आणि ६४ गेले की १६ उरतात. पहिल्याचा प्रत्येक विजय आणि दुसऱ्याचा प्रत्येक पराभव हा आकडा एकाने खाली आणतो, आणि दोघांच्या गाठीत पहिला जिंकला तर तो दोनाने उतरतो. तक्ता वाचताना विजयांआधी पराभवांचा रकाना पाहण्याची सवय लावून घ्यावी, विशेषतः दोन संघांचे सामने सारखे झालेले नसतील तेव्हा. न झालेला सामना अजून जिंकता येतो, झालेला पराभव पुसता येत नाही.

प्रश्न : दोन संघ बरोबरीत राहिल्यास एक जादा निर्णायक सामना खेळवावा, की आपसातल्या निकालांवर सोडावे? आमच्या मंडळात यावर एकमत होत नाही.
— लीगचे कमिशनर, पणजी

उत्तर : मेजर लीगने २०२२ पासून जादा सामना बंद केला आणि आपसातल्या सामन्यांचा निकष लावला. त्याच वर्षी अटलांटा ब्रेव्हज आणि न्यूयॉर्क मेट्स यांचे प्रत्येकी १०१ विजय झाले आणि आपसातल्या १९ सामन्यांतले १० जिंकल्यामुळे विभाग ब्रेव्हजला मिळाला. २०२३ मध्ये ह्यूस्टन अॅस्ट्रोज आणि टेक्सास रेंजर्स ९० विजयांवर बरोबरीत राहिले, विभाग अॅस्ट्रोजकडे गेला, आणि वाइल्ड कार्डने, म्हणजे विभाग न जिंकणाऱ्यांसाठी राखलेल्या जागेवरून, बाद फेरीत आलेल्या रेंजर्सनी पुढे वर्ल्ड सिरीज जिंकली. २०२४ मध्ये तर मेट्स, ब्रेव्हज आणि अॅरिझोना डायमंडबॅक्स हे तिघेही ८९ विजयांवर थांबले, आणि त्यांत अॅरिझोना याच निकषांमुळे बाहेर राहिला.

माझा कौल तरीही जादा सामन्याच्या बाजूने आहे. मेजर लीगला प्रवास, प्रक्षेपण आणि पुढल्या फेरीच्या तारखा सांभाळायच्या असतात. तुम्हाला एक संध्याकाळ आणि दोन मॅनेजर लागतात. १६२ सामन्यांनंतर तेवढा मान त्या दोघांचा आहे. मात्र हा नियम मोसमापूर्वी लिहून ठेवलेला नसेल, तर या वर्षी तो आणू नका, कारण बरोबरी समोर दिसू लागल्यावर केलेला कोणताही नियम दोघांपैकी एकाच्या विरुद्धच असतो.

प्रश्न : सप्टेंबरमध्ये मोठी आघाडी घेतलेले खरे संघ दडपणाखाली कोसळतात. फाशांवर किंवा संगणकावर चालणाऱ्या लीगमध्ये असे कोसळणे शक्य तरी आहे का?
— एक निवृत्त शिक्षक, मडगाव

उत्तर : कोसळणे शक्य आहे, दडपण नाही. हॅल रिचमन यांनी १९६१ मध्ये बाजारात आणलेल्या स्ट्रॅट-ओ-मॅटिक या पत्त्यांच्या खेळात तीन फासे पडतात. एक फासा फलंदाजाचा पत्ता वाचायचा की पिचरचा आणि त्यातला कोणता रकाना हे सांगतो, उरलेल्या दोहोंची बेरीज त्या रकान्यातली ओळ दाखवते. त्या पत्त्याला एप्रिल आणि सप्टेंबर यांत फरक कळत नाही. संगणकावरच्या काही खेळांत खेळाडूंच्या मनोधैर्याचाही विचार असतो, पण निर्णायक ठरते ती थकव्याची नोंद.

आणि खऱ्या पडझडींतही थकव्याचा हात किती होता, हे पाहण्यासारखे आहे. १९६४ मध्ये फिलाडेल्फिया फिलीज १२ सामने उरले असताना साडेसहा सामन्यांनी पुढे होते आणि ओळीने दहा सामने हरले. त्या दिवसांत मॅनेजर जीन मॉक यांनी जिम बनिंग आणि ख्रिस शॉर्ट या दोघा पिचरांना पुरेशी विश्रांती न देता पुन्हा पुन्हा मैदानात उतरवले होते. आभासी लीगमध्ये हीच चूक अगदी सहज करता येते आणि तिची शिक्षाही तशीच मिळते. अनेक लीगमध्ये खेळाडूला त्याच्या खऱ्या मोसमातल्या डावांपेक्षा जास्त वापरण्याची मुभा नसते. तिथे एप्रिल-मेमध्ये ज्याने आपला उत्तम रिलीव्हर (सामन्याच्या मध्येच येणारा बदली पिचर) चार धावांच्या आघाडीवरही आणला, त्याचा कोटा नेमका शेवटच्या दोन आठवड्यांत संपतो. तक्त्यावर ती पडझड दिसते. प्रत्यक्षात तो मे महिन्यात केलेला खर्च असतो.

उलट बाजूचे उदाहरण १९५१ च्या न्यूयॉर्क जायंट्सचे आहे. ११ ऑगस्टला साडेतेरा सामने मागे असलेल्या या संघाने शेवटच्या ४४ पैकी ३७ सामने जिंकून ब्रुकलिन डॉजर्सना गाठले आणि तीन सामन्यांच्या निर्णायक मालिकेत, ३ ऑक्टोबरला, बॉबी थॉमसनच्या होम रनवर मात केली. (घरच्या मैदानावर हा संघ दुर्बिणीतून पिचरला पुढचा चेंडू सुचवणाऱ्या प्रतिस्पर्धी कॅचरच्या खुणा टिपत होता, हे पुढे उघड झाले. ही सोय अजून एकाही संगणकावर आलेली नाही.)

प्रश्न : आमच्या लीगचा निर्णायक आठवडा यंदा चवथीतच येतो. चार-पाच मॅनेजर मूळ घरी जातात, माटोळीपासून विसर्जनापर्यंत कोणी संगणक उघडत नाही आणि त्यांचे संघ संगणकच चालवतो. शर्यतीतल्या एका संघाला असे तीन बेवारशी प्रतिस्पर्धी मिळाले, दुसऱ्याला एकही नाही. सामने पुढे ढकलावेत का?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : शक्य असेल तर ढकला, कारण चवथीची तारीख पंचांगात वर्षभर आधी छापलेली असते आणि कमिशनरने वेळापत्रक करताना ती पाहायला हवी होती. दीड दिवसाच्या गणपतीसाठी दोन-तीन दिवस थांबले तर काही बिघडत नाही. पाच किंवा सात दिवसांचा असेल त्या घरातल्या मॅनेजरने मात्र आधी सोय करावी. ती अवघड नाही. निघण्यापूर्वी त्याने पुढच्या दोन मालिकांची लाइनअप, रोटेशन आणि रिलीव्हरांचा क्रम भरून फाइल पाठवावी, आणि दुखापत झाल्यास कोणाला घ्यायचे त्याची दोन नावे लिहून द्यावीत.

तुमच्या प्रश्नातला खरा पेच शर्यतीबाहेरच्या संघांचा आहे. ज्याचा मोसम संपला आहे त्याला पुढच्या वर्षाचे तरुण खेळाडू आजमावून पाहायचे असतात, आणि ते गैर नाही. पण आघाडीच्या एका संघाविरुद्ध पूर्ण ताकदीचा संघ आणि दुसऱ्याविरुद्ध नवखी पोरे, असे झाले की विभागाचा निकाल तिसऱ्याच माणसाच्या सोयीने लागतो. यासाठी एकच नियम पुरेसा आहे: शर्यतीतल्या सर्व संघांविरुद्ध त्याने एकाच धोरणाने संघ उतरवावा, मग ते धोरण कोणतेही असो. यंदा हे सामने पुढे ढकलणे जमणार नसेल, तर त्या तीन संघांची लाइनअप कमिशनरने स्वतः भरू नये. शर्यतीशी संबंध नसलेल्या दुसऱ्या विभागातल्या मॅनेजरकडे ती द्यावी आणि कोणाकडे दिली ते सामने चालवण्याआधी सर्वांना कळवावे.