झेन आपलं की जपानचं?

प्रश्न : नातवाला घेऊन कामठीचं ड्रॅगन पॅलेस, म्हणजे जपानी मदतीतून उभं राहिलेलं बुद्धमंदिर, पाहून आलो. वाटेत तो म्हणाला, 'आबा, झेन तर जपानचं. मग बुद्ध आपले कसे?' मला काही सांगता आलं नाही.
— एक आजोबा, इंदोरा, नागपूर

उत्तर : आजोबा, झेन म्हणजे ध्यानावर भर देणारा बौद्ध पंथ. नातवाला आधी हा शब्दच दाखवा. संस्कृतात 'ध्यान', पालीत 'झान'. चीनमध्ये त्याचं 'चान' झालं आणि जपानात 'झेन'. पालीच्या वर्गात मी ही साखळी फळ्यावर लिहायचे. एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'मॅडम, फॉरवर्ड होता होता स्पेलिंगच बदललं की!' तोवर इतकं नेमकं मलाही सांगता आलं नव्हतं.

पण म्हणून 'सगळं आपलंच' असं मात्र त्याला शिकवू नका. चीनमध्ये या विचारात ताओ हा तिथला जुना विचार मिसळला. जपानात त्याच्यासोबत चहा पिण्याची एक रीत उभी राहिली. ती काही आपण दिलेली नाही. आणि आपल्याकडे? जिथे जन्मला तिथूनच बौद्ध धम्म जवळजवळ नाहीसा झाला होता. १४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी लाखो लोकांसह तो पुन्हा स्वीकारला, तो आपल्याच गावात.

दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्षही त्याला दाखवा. त्याच्या फांद्या श्रीलंकेतल्या अनुराधापूरहून आणलेल्या. तिथलं झाड सम्राट अशोकाच्या मुलीने, संघमित्तेने, बोधगयेहून नेलेल्या फांदीचं, इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातलं. म्हणजे आपलंच झाड समुद्रापार जाऊन माघारी आलं. धम्मचक्र प्रवर्तन दिनाची गर्दी ओसरल्यावर जा, म्हणजे पोराला झाडाजवळ निवांत उभं राहता येईल.