वाचकांचे प्रश्न : पदवीचा प्रकल्प आणि पुराव्याचा शोध

प्रश्न : पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ‘स्त्रिया आणि स्थानिक राजकारण’ हा प्रकल्पाचा विषय घेतला आहे. मार्गदर्शक म्हणतात, फार मोठा आहे. लहान कसा करू?

उत्तर : विषय मोठा आहेच, पण खरी अडचण अशी की त्यात प्रश्नच नाही. ज्याचं उत्तर ठरावीक कागदांत सापडू शकेल असा प्रश्न हवा. उदाहरणार्थ, एखाद्या नगरपालिकेत अमुक दहा वर्षांत निवडून आलेल्या स्त्री-सदस्यांनी सभागृहात कोणते प्रश्न मांडले? असं विचारलं की पुरावाही समोर येतो : सभांची इतिवृत्तं.

शीर्षक पक्कं करण्याआधी ती पाहून या. जपून ठेवली आहेत का, पाहू देतात का, अक्षर लागतं का? सुरुवातीची, मधली आणि शेवटची मिळून पाच इतिवृत्तं घड्याळ लावून वाचा, टिपणंही काढा. एकाला ४० मिनिटं लागली आणि महिन्याला एक सभा धरली, तर १२० सभांना ८० तास होतात. आठवड्याला आठ तास दिले तरी दहा आठवडे नुसत्या वाचनात जातील. मग लिहिणार कधी? अशा वेळी बिनदिक्कत पाचच वर्षं घ्या. हा हिशेब आधी न केल्यामुळे चांगले प्रकल्प अर्धवट राहतात.

इतिवृत्तात ठराव नोंदवतात, वादावादी बहुधा गाळतात. ‘चर्चेअंती मंजूर’ एवढ्या दोन शब्दांमागे दोन तासांचं भांडण असू शकतं. त्यामुळे एखाद्या सदस्येचं नाव दिसलं नाही म्हणून ती गप्प होती असं लिहू नका. सभेनंतरच्या आठवड्याची वर्तमानपत्रं जोडीला वाचा.

फोटो काढत असाल तर आधी फाइलच्या मुखपृष्ठाचा, क्रमांक स्पष्ट दिसेल असा, आणि मग पानांचे. पानाच्या चारही कडा चौकटीत येऊ द्या. समासातला शेरा नेमका कापला जातो आणि पुष्कळदा निर्णय त्या शेऱ्यातच असतो. फोल्डरला त्याच दिवशी फाइल क्रमांकाचं नाव द्या. तीन महिन्यांनी उत्तम उतारा हाती लागला, पण तो कोणत्या फाइलमधला हे सांगता आलं नाही, तर तो वापरता येत नाही.

प्रश्न : रशियन क्रांतीवर लिहीत आहे. झारची राजवट फेब्रुवारीत कोसळली असं एक पुस्तक म्हणतं, दुसरं मार्च सांगतं. कोणतं चूक?

उत्तर : दोन्ही बरोबर. रशियात तेव्हा ज्युलियन पंचांग होतं आणि विसाव्या शतकात ते आपण आज वापरतो त्या ग्रेगोरियनच्या १३ दिवस मागे होतं. म्हणून ‘ऑक्टोबर’ क्रांतीचा २५ ऑक्टोबर १९१७ हा आपला ७ नोव्हेंबर. पुढे तिथेही ग्रेगोरियन पंचांग आलं, तेव्हा ३१ जानेवारी १९१८ च्या दुसऱ्या दिवशी थेट १४ फेब्रुवारी उजाडला. टिपणात मूळ तारीख जशीच्या तशी उतरवा, शेजारी बदललेली लिहा. मूळ तारीख खोडली की पुढे ताळा करता येत नाही.

प्रश्न : ऑनलाइन प्रश्नावली ओळखीच्यांना पाठवली, २०० उत्तरं आली. ‘तरुणांचं राजकीय मत’ असं शीर्षक चालेल का?

उत्तर : नाही. अमेरिकेत १९३६ च्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी ‘लिटररी डायजेस्ट’ नियतकालिकाने सुमारे एक कोटी मतपत्रिका पाठवल्या, २० लाखांहून अधिक परत आल्या, आणि रूझवेल्टविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असा अंदाज त्यांनी दिला. प्रत्यक्षात ४८ पैकी ४६ राज्यं रूझवेल्टना मिळाली. पत्ते टेलिफोन आणि मोटारींच्या याद्यांतून घेतले होते, म्हणजे मंदीच्या काळात मुख्यतः सुस्थितीतल्या लोकांचे. शिवाय उत्तर पाठवणारे आणि न पाठवणारे यांचा कलही सारखा नव्हता. तुमच्या २०० मध्ये हे दोन्ही दोष आहेत.

तुमची माहिती मात्र वाया गेलेली नाही. प्रश्नावली कोणत्या मार्गाने, किती जणांकडे गेली आणि किती उत्तरं आली हे लिहा, आणि निष्कर्ष त्या गटापुरताच ठेवा. मग त्यांतल्या दहा-बारा जणांच्या सविस्तर मुलाखती घ्या. मुलाखतीआधी लेखी संमती घ्या : ध्वनिमुद्रण चालेल का, नाव छापायचं का, आणि नंतर माघार घ्यायची झाल्यास कोणत्या तारखेपर्यंत.